खेळाडू बदलायची खूण

युट्रेख्ट या डच शहरातल्या करड्या सकाळी येन्सचा आवाज आधी यायचा. कालव्यापलीकडच्या मैदानावरून, धुकं कापत तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. खर्जातला, खाऱ्या वाऱ्यात मुरलेला. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस ऐन तारुण्यात इथे फुटबॉल खेळायला आला. मैदानाच्या डाव्या कडेने तो वाऱ्यासारखा धावायचा, असं जुने प्रेक्षक सांगत. गुडघा गेला तेव्हा परत न जाता तो इतरांना धावायला शिकवू लागला. प्रशिक्षक म्हणून क्लबांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तितक्याच सहजतेने उतरवूनही ठेवलं. तो आमच्या शेजारी राहायला आला तेव्हा एका लहानशा क्लबला त्याने वरच्या श्रेणीच्या उंबरठ्यावर आणून उभं केलं होतं.

आणि करोनाची साथ आली. हंगाम अर्ध्यावर रद्द झाला, उंबरठा तिथेच राहिला. पुढे सामने सुरू झाले, पण प्रेक्षकांविना. एकदा कुंपणापलीकडून, अंतर राखून तो मला म्हणाला, "भरल्या मैदानाच्या शिव्यांना मी कधी घाबरलो नाही. पण आता माझीच हाक रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येते ना, तेव्हा वाटतं, मी मेलोय आणि मला कुणी सांगितलेलं नाही."

मी हसले नाही. माझे बाबा नाशिकला एकटे होते, विमानं बंद होती, आणि फोन वाजला की मीही तो भीत भीतच उचलायचे.

हिवाळ्यात एका सकाळी फोन वाजला तो येन्सच्या बायकोचा, करेनचा. "त्याला श्वास घेता येत नाहीये. अॅम्ब्युलन्स येतेय, मला सोबत जाऊ देणार नाहीत. तू खिडकीत उभी राहशील? मला एकटीला बघवणार नाही."

मी उभी राहिले. शुभ्र, चेहराहीन माणसांनी त्याला बाहेर आणलं. दारात उभ्या करेनकडे बघत त्याने हात उचलले आणि एकमेकांभोवती फिरवले. खेळाडू बदलायची खूण! दमलेल्याला बाहेर घ्या, असं सांगणारी.

"नाही!" करेन किंचाळली. "येन्स, तू बाहेर जायचं नाहीस! ऐकतोयस ना?"

दार लागलं. रस्त्यावर फक्त ओली पानं उरली.

त्यानंतरचे आठवडे आम्ही दोघी फोनला घाबरत जगलो. तो वाचला, वसंतात परतला, अर्धा झालेला. घशात घातलेल्या नळीमुळे त्याचा आवाज मात्र कुजबुजीएवढा उरला होता. क्लबने नवा माणूस नेमला. येन्स रेषेबाहेर बसून सराव बघायचा. चेंडू जवळ आला तर पायाने थांबवायचा, क्षणभर त्यावर पाऊल ठेवायचा आणि हळुवार परत द्यायचा. "भीती गेली का?" मी विचारलं. तो माझ्या कानाशी झुकला. "नाही गं. रात्री करेन झोपली की तिचा श्वास ऐकत बसतो."

पुढच्या शरदात दोघं डेन्मार्कला परतली. त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, त्यांच्या सायकली दाराला टेकलेल्या असतात. त्या दाराकडे पाहताना पूर्वी मला ती सकाळ आठवून भीती वाटायची. हल्ली भीती वाटते ती निराळीच, की काळ असाच सरत राहील आणि एके दिवशी ते मला नुसतं दार दिसेल.