शेळीची भाजी

नवरा गेला त्याच महिन्यात जाऊबाईने मला वेगळं काढलं. पुढच्या चार खोल्या त्यांच्या. मागची एक खोली आणि तणाने माजलेला परसाचा तुकडा माझा. शिवणकाम मिळेपर्यंत मी आणि माझ्या लेकीने तेच तण शिजवून खाल्लं. घोळ, चाकवत, जे उगवेल ते. जाऊबाईने गल्लीभर माझं नाव 'शेळी' करून टाकलं. लेकीला शाळेत 'करडू' म्हणू लागले. एक दिवस ती रडत आली आणि तिने ताट ढकलून दिलं. ते ढकललेलं ताट मी विसरले नाही.

मग मोठ्या दिरांनी एकदा माझी लसणावर परतलेली घोळ चाखली आणि त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांसाठी डबाभर मागून नेली. साहेब खूश. जाऊबाई म्हणाली, "माझ्याच हातची हो!" साहेब रविवारी बायकोला घेऊन जेवायला यायचे ठरले.

रविवारी सकाळी मी मशीनवर बसले होते. खिडकीतून बघते तर जाऊबाई कुंपण ओलांडून माझ्या परसात. शेळीकडे मागायचं कसं? म्हणून चोरी.

घोळीला चिकटून तिच्यासारखंच एक तण वाढतं. तसाच तांबूस देठ. पण मोडला की पांढरा चीक येतो, आणि पोटात गेला तर माणूस ओकून आडवा होतो. मी एकेक देठ मोडून बघते, मगच ओच्यात टाकते. जाऊबाई मुठीने ओरबाडत होती.

एक हाक मारली असती तर काम झालं असतं. नाही मारली. म्हटलं, आधी तिला पाहुण्यांची पानं वाढू दे.

दुपारी मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात शिरले. टोपलीत उरलेली मूठभर भाजी उचलली आणि तडक जेवणाच्या टेबलाशी गेले. साहेबांचा पहिला घास हातातच होता.

"साहेब, तो घास खाली ठेवा."

जाऊबाई हसली. "ही आमची धाकटी. जरा डोक्याने..."

मी देठ मोडला. पांढरा थेंब तिच्या इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर पडला. "हे पोटात गेलं की ओकाऱ्या. कोणी खुडलं, जाऊबाई? कुणाच्या परसातून?"

दीर पुटपुटले, "अगं, घरातलं घरात मिटवू."

"माझी शोभा गल्लीत केलीत ना? मग पाहुण्यांसमोर मिटू दे. माझं नाव काय ठेवलंय ते सांगा यांना."

साहेबांच्या बायकोने चमचा खाली ठेवला. "काय ठेवलंय?"

"शेळी," जाऊबाई म्हणाली. इतकं हळू, की मी पुन्हा म्हणायला लावलं. मोठ्याने. मग चोरीही कबूल करायला लावली.

साहेबांची बायको उठली. "चांगली भाजी तुमच्याकडे आहे का हो?"

होती. पातेलंभर. सकाळीच करून ठेवली होती.

दोघं माझ्या पायरीवर बसून जेवले. वाढलं माझ्या लेकीने, मान वर करून. दीर मुकाट्याने येऊन शेजारी बसले, त्यांनाही वाढलं. जाऊबाई कुंपणापाशी ताटकळत उभी. आत येता येईना, परत जाता येईना.

मी डाव हातात धरून विचारलं, "काय जाऊबाई, चरायला येताय?"