लोण्याचा थर

ताई आपली किडनी द्यायला तयार होती, पण डॉक्टर ती घ्यायला तयार नव्हते. ताईचं वजन फार होतं.

"एवढ्या वजनावर तुम्हाला टेबलावर घ्यायचं म्हणजे एकाला वाचवताना दुसऱ्याला धोक्यात घालायचं," सर्जन म्हणाले. "आधी वजन उतरवा, मग बोलू."

किडनी हवी होती तिच्या धाकट्या भावाला. लहानपणी अंगाने काडी होता म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणत, ते नाव चाळिशी आली तरी चिकटून राहिलं. बारक्या एका मोठ्या हॉटेलात आचारी होता. किडन्या निकामी झाल्या, दिवसाआड डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायची वेळ आली, आणि तासन्‌तास भट्टीसमोर उभं राहणं संपलं. तो आपली सुऱ्यांची पिशवी घेऊन ताईच्या दोन खोल्यांच्या घरात आला. ताईला नवरा नव्हता, मूल नव्हतं. ती बस चालवायची. पहाटे डेपोत जायचं, दुपार कलली की परतायचं, आणि घरी आल्यावर बूट काढायलासुद्धा वाकणं जिवावर यायचं. बसून बसून वाढलेलं वजन आता बसूनच उतरवायचं होतं, कारण धावायला ना वेळ होता ना गुडघे.

म्हणून हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला तयार डबे लावून दिले. गोठवलेले, प्लॅस्टिकचे, वर पातळ झिल्ली. एकात कोंबडीचे तुकडे आणि ब्रोकोली, दुसऱ्यात मसूर आणि गाजर, तिसऱ्यात मासा आणि चमचाभर भात. चित्रात सगळं झकास दिसायचं. गरम केल्यावर मात्र तळाशी पाणी सुटायचं आणि सगळ्या डब्यांची चव एकच लागायची, ओल्या पुठ्ठ्याची.

"पुठ्ठा तरी चावायला लागतो," ताई म्हणाली आणि काटा ठेवून दिला. दिवसभर स्टीअरिंग धरून आखडलेले हात तिने मांडीवर टाकले. "बारक्या, माझ्याच्याने हे होईल असं वाटत नाही रे."

बारक्याने तिच्यासमोरचा डबा ओढून घेतला, नाकाजवळ नेला आणि असा चेहरा केला की ताईला थकल्या अंगीही हसू आलं. त्याला स्वतःला चव घेता यायची नाही. मीठ बंद, टोमॅटो बंद, पाणीसुद्धा मोजून मापून. पण नाक शाबूत होतं.

"हा डबा वाईट नाहीये," तो म्हणाला. "याच्याकडे कुणी लक्षच दिलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याने डबे हातात घेतले. गोठलेलं अन्न तो रात्रीच बाहेर काढून ठेवायचा. पहाटे कोरड्या तव्यावर पसरून सुटलेलं पाणी आटू द्यायचा, तोवर ब्रोकोलीच्या कडा करपून खरपूस व्हायच्या. लसणाची पाकळी सालासकट भाजून मसुरात चुरडायचा. मासा वेगळा काढून त्यावर मिरी आणि लिंबाची किसलेली साल. लिंबाचा रस मात्र नाही, तो छोट्या बाटलीत वेगळा. "गरम केल्यावर पिळ. आधी पिळलास तर कडू होईल, आणि नाव माझं जाईल." सोबत व्हिनेगरमध्ये बुडवलेला कांदा आणि काकडी, दाताखाली काहीतरी वाजावं म्हणून. सगळं स्टीलच्या डब्यात भरून तो तिच्या हातात द्यायचा. मीठ घालताना मात्र अडायचा.

"ताई, चाख. पुरे?"

"चिमूटभर अजून."

"आहारवाली बाई ओरडेल."

"मग विचारतोस कशाला?"

ताई डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करायची आणि शेजारचे ड्रायव्हर आपली भाजीभाकरी सोडून माना वळवायचे. वजन उतरू लागलं. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आहारतज्ज्ञ बाई खूश झाल्या. म्हणाल्या, अजून थोडं, मग तुमच्या बाकीच्या तपासण्या सुरू करू, ऑपरेशनचं बघू.

त्यानंतर वजन थांबलं. मग हळूच वर सरकलं.

ताईने दूध सोडलं. डेपोतला चहा सोडला. शेवटच्या थांब्यावर बस लावून, गुडघे दुखत असताना, आवाराला फेऱ्या मारू लागली. काटा हलेना.

"बाहेर काही खाता का?" आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"नाही."

"बिस्किटं, वेफर्स, काहीही? मी रागावणार नाही. पण खरं सांगा."

"खरंच सांगतेय," ताई म्हणाली. बाई मान हलवत राहिल्या, जशी आपण खोटं बोलणाऱ्या लहान मुलापुढे हलवतो. पन्नाशीच्या बाईला वजनकाट्यासमोर चोर ठरवलं की काय वाटतं ते ताईला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर बारक्याने विचारलं, "काय म्हणाल्या?" तर म्हणाली, "काही नाही, होईल."

मग एका सोमवारी डेपोतला मायक्रोवेव्ह बंद पडला. ताईला पुढची फेरी गाठायची होती. थंड तर थंड, म्हणत तिने डबा उघडला. एरवी ती इथे डबा उघडायची तेव्हा तो वाफाळलेलाच असायचा. आज मसुराच्या कडेने पिवळसर, मेणासारखा थर धरला होता. तिने चमच्याने खरवडला. जिभेवर ठेवला. लोणी होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं.

तिने डबा बंद केला. उपाशीपोटी बस बाहेर काढली. सिग्नलला पाय ब्रेकवर दाबताना तिला एकच आठवत होतं: गेले कित्येक दिवस पहाटे उठताना तिच्या मनात फक्त या जेवणाचा विचार असायचा. दिवसभरात चांगलं असं तेवढंच तर होतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा बारक्या खिडकीजवळच्या खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसला होता. आज मशीनचा दिवस नव्हता, तरी चेहरा मातीसारखा होता. ताईने डबा त्याच्यासमोरच्या स्टुलावर ठेवून झाकण काढलं.

त्याने पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"चव यावी म्हणून घातलंस?"

"हो."

"बारक्या."

"नाही," तो म्हणाला. "चवीसाठी नाही."

ताई बूट न काढताच पलंगावर बसली. "ती बाई मला खोटारडी समजतेय. मी लंगडत फेऱ्या मारतेय रे वेड्यासारखी. आणि तू इथे बसून..."

"मग काय करू?" बारक्याचा आवाज चढला आणि लगेच धापेने बसला. "तू मला विचारलंस कधी? तू जाऊन नाव देऊन आलीस, आणि मला येऊन सांगितलंस, ठरलं म्हणून. मी काही बोलायला लागलो की तू म्हणतेस गप्प बस, मी मोठी आहे. उद्या तुला काही झालं, तुझी दुसरी किडनी बिघडली, तर मी ती तुझी घेऊन फिरू? तोंडाने तू ऐकत नाहीस. माझ्या हातात एवढा तवाच होता."

मोठेपणाच्या तोऱ्यात तिने खरोखरच त्याला विचारलं नव्हतं.

पुढचे काही दिवस घरात जेमतेम कामापुरतं बोलणं झालं. ताई डबा तसाच, झिल्ली फाडून, पुठ्ठ्यासारखा खायची. बारक्या मशीनवरून यायचा आणि पायात गोळे आले की दात आवळून पडायचा. एका संध्याकाळी गोळा सुटेचना. ताई उठली, त्याच्या पायथ्याशी बसून पोटरी दाबू लागली. त्याची पोटरी तिच्या मनगटाएवढी झाली होती.

"हे बघ," ती म्हणाली. "आता विचारते. तू तोंडाने नको म्हण. एकदाच म्हण. मी उद्या जाऊन नाव काढून येते, आणि पुन्हा विषय काढणार नाही. आईशप्पथ."

बारक्या छताकडे बघत राहिला. ताई पोटरी दाबत राहिली. खालून कुणीतरी सायकल जिन्याला आपटत वर नेत होतं, तो आवाज येऊन थांबला. बारक्याला नको म्हणता येईना.

"हवीय मला," शेवटी तो म्हणाला. हात डोळ्यांवर आडवा धरला. "ताई, मला जगायचंय गं. त्याचीच लाज वाटते. तुझ्या अंगातलं काढून हवंय, आणि तरी हवंय."

"मग लाज बाळग आणि घे," ताई म्हणाली. "दोन्ही होतं."

तिने लगेच डोळे पुसले नाहीत. हात अडकलेले होते.

सकाळी स्वयंपाकघरातून भाजलेल्या लसणाचा वास आला. बारक्या एका हाताने ओट्याला धरून उभा होता. लोण्याचं पाकीट त्याने तिच्यासमोर शेजारणीला देऊन टाकलं. आता चव आणायला त्याला जास्त खटपट करावी लागे: जिरं कोरडं भाजून, मिरची कोळशासारखी काळी करून, पुदिना अगदी शेवटी तोडून. काही दिवस जमायचं, काही दिवस नाही. मशीनच्या दिवशी तर त्याला उभंच राहवत नसे, तेव्हा ताई पुठ्ठा खायची आणि कुरकुर करायची नाही. वजन मुंगीच्या पावलाने उतरलं. आहारतज्ज्ञ बाईंना ताईने खरं कारण कधीच सांगितलं नाही. त्यांनी "बघा, मनावर घेतलं की होतं," असं म्हटलं तेव्हा ती नुसतं "हो" म्हणाली.

तपासण्या झाल्या. एकदा तारीख मिळाली, बारक्याला ताप आला म्हणून ती हुकली. दुसरी मिळाली, आणि ती टिकली.

ऑपरेशननंतर दुसऱ्या सकाळी ताई सलाइनचा स्टँड ढकलत, पोटावर उशी दाबून धरत, भिंतीच्या आधाराने बारक्याच्या खोलीच्या काचेपर्यंत पोचली. तेवढ्या अंतरात तिला दोनदा थांबावं लागलं. आत तो झोपला होता, ओठ कोरडे, केस विस्कटलेले. नर्सने ताईला पाहिलं, बाहेर आली आणि पलंगाखाली लटकलेल्या पिशवीकडे बोट केलं. वर्षभर त्याला लघवी म्हणून झाली नव्हती. पिशवी अर्धीअधिक भरली होती, फिकट पिवळी, आणि नळीतून थेंब थेंब पडतच होता.

"ही तिसरी," नर्स म्हणाली. "रात्रभर मी पिशव्याच रिकाम्या करतेय."

ताईला वाटलं होतं, या क्षणी आपण रडू, निदान देवाचं नाव घेऊ. पण अंगात काही उरलंच नव्हतं. पोटाचा टाका ओढत होता.

"एखादी खुर्ची मिळेल का हो?" ती म्हणाली. "जरा वेळ इथेच बसते."