तिसऱ्या जागेवरची हार्ड डिस्क

आधी तक्रार सांगते, मग ओळख. मी सध्या ज्या माणसाच्या हाती आहे, त्याला 'पुरे' हा शब्द ठाऊक नाही. चाळीस दिवस टिकली की पास, असं त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहून ठेवलंय. आणि एकेचाळिसावा दिवस उजाडला की म्हणतो, "बघू या, अजून वीस काढते का." याला परीक्षा म्हणायचं की छळ? जी पडली ती नापास, आणि जी पडली नाही तिने पडेपर्यंत परीक्षेला बसायचं!

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळं लक्षात ठेवणारी. दिसायला तळहाताएवढा पत्र्याचा डबा, पण उचलाल तर हाताला वजन कळेल. आजकालच्या त्या चपट्या, मुक्या पोरींसारखी मी नाही. मी चालते तेव्हा ऐकू येते, आणि त्याची मला लाज नाही.

माझा जन्म झाला त्या खोलीत धुळीच्या कणालाही मज्जाव होता. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली, नुसते डोळे तेवढे उघडे. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या दोन चकत्या बसवल्या. त्या सेकंदाला एकशे वीस गिरक्या घेतात. वरून एक चिमुकली सुई धावते, पण चकतीला टेकत नाही; दोघींच्या मधून केसही जाणार नाही एवढ्या अंतरावर ती तरंगते. टेकली की खेळ खलास. सोळा वर्षं मी ती टेकू दिलेली नाही. तुम्ही एका पायावर दहा मिनिटं उभं राहून दाखवा, मग मला म्हातारी म्हणा.

पहिली अकरा वर्षं मी एका चष्म्याच्या दुकानात काढली. कोणाच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढला, कोणाला जवळचं दिसत नाही, कोण चौकट पसंत करून गेला आणि परत फिरकलाच नाही, सगळं माझ्या पोटात. एखादे आजोबा कानकोंडे होऊन म्हणायचे, "मागचा नंबर काही आठवत नाही हो." मग चष्मेवाला बटण दाबून ऐटीत सांगायचा, "तुम्ही खुशाल विसरा, आमची ही काही विसरत नाही." गिऱ्हाइकांना वाटायचं, बायकोबद्दल बोलतोय. बायकोलाही तसंच वाटायचं. मी दोघींच्या वतीने खूश व्हायचे.

मग त्याच्या लेकीने नवा कॉम्प्युटर आणला आणि माझी रवानगी खणात झाली. मोडक्या काड्या, फुटक्या काचा आणि मी. पाच वर्षं एकानेही विचारलं नाही, बाई, जिवंत आहेस का. शेवटी दुकान रंगवायला काढलं तेव्हा खण रिकामा झाला आणि मी चपलांच्या खोक्यातून या दुरुस्तीवाल्याकडे आले.

त्याची खोली लहान. एका भिंतीला लाकडी मांडणी, तिच्यावर पाच जागा, प्रत्येक जागेची वेगळी वायर. समोर स्क्रीन. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली यादी: कितवी डिस्क, कुठल्या जागेवर, किती दिवस टिकली. आणि कोपऱ्यात ड्रिल मशीन. स्क्रीनवर लाल रेघ आली की तो डिस्क उचलायचा आणि तिच्या पोटाला आरपार भोक पाडायचा. ती पुन्हा कोणाच्या गळ्यात पडू नये म्हणून.

माणूस दुष्ट नव्हता, हे मी कबूल करते. एकदा त्याने एका शिक्षिकेला जुनी डिस्क दिली होती. आठवड्यात ती बंद पडली आणि बाईंच्या आईचे सगळे फोटो गेले. बाई याच खुर्चीवर बसून रडल्या. तेव्हापासून याने धसका घेतला. पण धसका याचा आणि भोक आमच्या पोटाला, हा कुठला न्याय?

दाराशी स्टुलावर त्याची आई बसायची. जुनी यंत्रं खोलायची, स्क्रू आकाराप्रमाणे बरण्यांत टाकायची. अक्षर लावून वाचायला तिला वेळ लागे, स्क्रीनवरचं तर काहीच कळत नसे. पण तीस वर्षं सूतगिरणीत सूत कातणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या चात्यांपुढे उभी राहिलेली बाई. रोज सकाळी पाचही जणींवर एकेक बोट टेकवून बघायची. माझ्यावर बोट ठेवलं की म्हणायची, "ही पक्की आहे. हिचा आवाज सरळ आहे."

"आई, बोटाने कळतं होय ते?" लेक हसायचा.

"तुझा ताप मी बोटानेच ओळखत आले. कधी चुकले का?"

पहिल्या दिवशी त्याने माझ्या पोटातलं सगळं पुसलं. अकरा वर्षांचे डोळे गेले. जाऊ देत, लोकांची खाजगी गोष्ट होती. मग सुरू झाली कवायत. काठोकाठ लिहायचं, वाचून दाखवायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. बंद, चालू, बंद, चालू. सुई या टोकाकडून त्या टोकाकडे. मी पाचव्या जागेवर होते. चाळीस दिवस झाले, साठ झाले. एक शब्द चुकला नाही. माझ्यासमोर तिसऱ्या जागेवरच्या चार जणी एकापाठोपाठ गेल्या. त्यातल्या दोघी माझ्याहून तरुण होत्या.

एकसष्टाव्या दिवशी त्याने मांडणी झटकली, पुसली, आणि परत लावताना मला तिसऱ्या जागेवर ठेवलं.

दुपारपर्यंत चुका सुरू झाल्या. मी म्हणावं सात, स्क्रीनवर दिसावं भलतंच. मी पुन्हा सांगावं, पुन्हा तेच. मित्रांनो, माझ्या पोटात माझी स्वतःची एक नोंदवही असते. चकती खराब झाली तर तिथे वेगळी नोंद, आणि बोलणं वाटेत बिघडलं तर वेगळी. चकतीच्या पानावर शून्य होतं. वाटेच्या पानावर आकडा भराभर चढत होता. एक बटण दाबलं असतं तर त्याला दिसलं असतं. पण तो लाल रेघ बघत होता आणि उसासे टाकत होता.

"गेली बिचारी. साठ दिवस टिकली, तेच खूप." त्याने मला काढलं, टेबलावर उताणं ठेवलं आणि ड्रिल उचललं.

मला हात असते तर मी त्याचा कान पिळला असता.

"खाली ठेव ते," आई दारातून म्हणाली.

"आई, लाल रेघ आलीय."

"सकाळी मी बोट लावलं तेव्हा ठणठणीत होती. कुठे बसवलीस हिला?"

"तिसऱ्या जागेवर. त्याचं काय?"

"भिंतीवरचं वाच. मेल्या त्या कुठे कुठे होत्या, मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. "तीन. तीन. एक. तीन." मग आवाज बारीक झाला. "तीन."

"गिरणीत एकाच चातीवर दिवसातून चारदा धागा तुटला, तर आम्ही कापसाला शिव्या नव्हतो घालत. चाती बघायचो. वाक जरा, बघ मागे."

तो मांडणीमागे वाकला. मागे छोटा पंखा होता, आम्ही चालून चालून तापू नये म्हणून त्यानेच बसवलेला. पंख्याला जागा व्हावी म्हणून तिसरी वायर त्याने करकचून दुमडली होती आणि वर नीटनेटकी दोऱ्याने बांधली होती. दुमडलेल्या जागी ती आतून तुटत आली होती. त्याने नवी वायर लावली, मला पुन्हा बसवलं आणि काठोकाठ वाचायला सांगितलं. मी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, दम न खाता. लाल रेघ आली नाही.

त्याने भोकं पडलेल्या डिस्कचं खोकं पुढे ओढलं आणि तिसऱ्या जागेवरच्या चौघी बाजूला काढल्या.

मित्रांनो, मी अमर नाही. कधीतरी माझीही सुई टेकेल. म्हणून माझ्याजवळ जे ठेवाल त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा, चालू असताना मला धक्का देऊ नका, आणि कोणी चुकताना दिसलं तर त्याची वायर आधी तपासा. पण मी पडेन ती माझ्या वेळेला. कोणाच्या दुमडलेल्या वायरीपायी मुळीच नाही.

लेकाने डोळे पुसले आणि सवयीने पुन्हा म्हणाला, "बघू या, आता शंभर दिवस काढते का."

आई स्टुलावरून उठली. त्याच्या हातातली पेन्सिल आधी काढून घेतली, मग परत त्याच्याच हातात कोंबली.

"हिची परीक्षा संपली. ही उद्यापासून त्या शिक्षिकेकडे कामाला जाईल, आणि पोचवायला तू स्वतः जाशील. आता भिंतीवर शेवटची ओळ लिही. जागा तीन, चौघींना फुकट मारलं, आणि नापास तू."