कुठे थांबलात?

सुनेला कामावर जायला उशीर झाला नसता, तर चष्मेवाल्यांना परके लोक ‘बाबा’ म्हणाले नसते. लेखकांच्या त्या ऑनलाइन मंडळात शिरायचं तर टोपणनाव हवं होतं, आणि चष्मेवाले विचार करत बसले होते. ‘वाचक’ अगदीच फिकं वाटत होतं. ‘लेखक’ म्हणजे लहान तोंडी मोठा घास. सुनेने घड्याळाकडे पाहिलं, घरात त्यांना जी हाक मारायची तीच ठोकून दिली आणि पायात चपला सरकवल्या.

“झालं, बाबा. आता नाव बदलता येत नाही बरं का.”

“अगं, पण...”

पण ती जिन्यात पोचलीसुद्धा होती. थोड्याच वेळात पडद्यावर ओळी उमटू लागल्या. “या बाबा, बसा.” “बाबा, स्वागत.” यांतले निम्मे आपल्याच वयाचे असतील, या विचाराने चष्मेवाले एकटेच लाजले.

त्यांची उभी हयात चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासण्यात गेली होती. त्या खोलीचीच एक गोष्ट त्यांनी लिहिली होती. लिहिली म्हणजे काय, वर्षानुवर्षं लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत होते. निवृत्त झाल्यावर एका बोटाने टाइपही केली. दाखवली मात्र कुणाला नाही. नवऱ्याला खरडायची खोड आहे एवढं बायकोला माहीत होतं. विचारलं की ते “काही नाही” म्हणत, आणि तिनेही विचारायचं सोडून दिलं होतं. घरची माणसं काय, प्रेमापोटी डोक्यावर घेतील. कुणा परक्याने एकदा ती वाचावी आणि ही गोष्ट आहे की नुसतीच कागदाची नासाडी, ते सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठीच तर हा उपद्व्याप.

मंडळाचा नियम मात्र आडवा आला. आपलं लेखन टाकण्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी वाचायचं, आणि वाचताना आपण कुठे थांबलो ते सांगायचं. जिथे लक्ष उडालं, जांभई आली, चहाची आठवण झाली, ती जागा. ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘अप्रतिम’ या शब्दांना तिथे बंदी होती. चष्मेवाल्यांची जमापुंजी नेमकी तेवढीच होती.

त्यांनी ‘गोगलगाय’ नावाच्या बाईंची गोष्ट उघडली. सासूला मोटार शिकवणाऱ्या जावयाची गोष्ट. सासू फर्मास होती. दुसऱ्या पानावर ती पहिल्यांदा गाडी सुरू करते, आणि तिथेच बाई रस्त्यावरच्या झाडांचं वर्णन करायला लागतात. चष्मेवाल्यांनी लिहिलं, “मी दुसऱ्या पानावर थांबलो. मला झाडं नको होती, सासू हवी होती.”

ओळ पडद्यावर गेली आणि त्यांनी ती पुन्हा वाचली. कोण आपण? छापून आलेला एक शब्द नाही आणि दुसऱ्याच्या झाडांवर कुऱ्हाड? त्यांनी ती ओळ पुसली. मग लिहिलं, “झाडं चांगली आहेत, पण थोडी कमी चालली असती.” हे फारच मिळमिळीत झालं. पुसलं. “झाडं नंतर आली तर?” आपण कोण सांगणारे? पुसलं. शेवटी लिहिलं, “मी कुठेच थांबलो नाही,” आणि सुटलो म्हणून मटार सोलायला बायकोपाशी जाऊन बसले.

दुपारी गोगलगाय बाईंचं उत्तर आलं. “बाबा, इथे पुसलेलं पानावरून जातं, पण लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी माझ्या मेलवर येतं. मला तुमची चार मतं मिळाली. आधी झाडं तोडलीत, मग छाटलीत, मग हलवलीत, शेवटी परत लावलीत. खरं कुठलं?”

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. धरणीने पोटात घ्यावं तर ते बसले होते तिसऱ्या मजल्यावर.

“काय हो, कोण गेलं?” बायकोने विचारलं.

“कुणी नाही. मी जातोय. त्या मंडळातून.” त्यांनी झाला प्रकार सांगितला.

बायको इतकी हसली की मांडीवरचे मटार घरंगळले. “बाईंनी साधा प्रश्न विचारलाय. उत्तर द्या की! पळून जायला ती काय वसुलीला आलीय?”

“तिला वाईट वाटेल गं.”

“चार तोंडांनी बोललात त्याचं नाही वाटणार?”

त्यांनी छातीवर दगड ठेवून लिहिलं, “पहिलं खरं. बाकीची घाबरून लिहिली. माफ करा.” आणि पुसायच्या बटणाला हात लागू नये म्हणून खरोखरच हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

“मला पटलं नाही,” बाईंनी लिहिलं. “झाडं राहणार. पण तुम्ही वाचलंत हे कळलं. आता तुमची टाका.”

माघार घ्यायला वाट उरली नव्हती. चष्मेवाल्यांनी गोष्ट टाकली आणि फोन पालथा करून ठेवला. संध्याकाळी त्यांनी तो सुलटा केला तेव्हा एकच मत आलेलं होतं, तेही गोगलगाय बाईंचं. “चौथ्या परिच्छेदावर थांबले. काच घासायची कृती संपता संपत नाही. दुकानातली माणसं कधी येणार?”

चौथा परिच्छेद त्यांचा सगळ्यात लाडका. त्याच्यावर त्यांनी सर्वांत जास्त मेहनत घेतली होती. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचून काढला.

“काय म्हणते?” बायकोने विचारलं.

“चौथ्यावर थांबली.”

“म्हणजे तीन वाचले. आणा इकडे, मी कुठे थांबते बघू.”

ते नको नको म्हणेपर्यंत तिने फोन काढून घेतला, चष्मा चढवला आणि वाचायला लागली. चष्मेवाले तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग बघवेना म्हणून खिडकीशी गेले. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “रोज त्या खोलीत काय करत होतात, ते मला आज कळतंय. पण बाईंचं खरं आहे. चौथा फार लांबलाय.”

“किती कापू?”

“मला काय विचारता? मी आत्ता कुठे पाचव्यावर आलेय. माणसं आलीयत दुकानात. गप्प बसा जरा, वाचू द्या.”