चार बोटांचे दार

मित्रांनो, कोलकाता नगरीच्या पूर्वेस, सांडपाण्याचा कालवा आणि माशांचे विशाल तळे यांच्या मधोमध मी उभे आहे. मी एक जुने लाकडी दार आहे. माझा देह साल वृक्षाचा असून वय बेचाळीस आहे. माझ्या अंगाला जो वास येतो, त्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागते.

नगरीतील असंख्य लोक स्नान करतात, भांडी घासतात आणि जे सांगू नये तेही करतात. ते समस्त पाणी माझ्याकडे येते. मला वर उचलले की ते तळ्यात शिरते. तेथे ऊन त्यास शिजवते, शेवाळ त्यातील घाण खाते, शेवाळास मासे खातात आणि निवळलेले पाणी पलीकडून विद्याधरी नदीस जाऊन मिळते. एके वर्षी बांध फुटून तळे कोरडे पडले. तेव्हा काळे पाणी थेट नदीत गेले आणि काठच्या गावांत घरोघरी जुलाब सुरू झाले. तेव्हापासून मला पाहून नाक मुरडणे लोकांनी सोडून दिले.

मला उचलण्याचे काम बिरिंची नस्कर यांचे. या कामास ते 'तळ्याला वाढणे' म्हणतात. रोज सकाळी ते ओंजळीत पाणी घेऊन पाहतात. ते हिरवे दिसले, तर कालचे पचले असे समजून मला चार बोटे उचलतात. ढगाळ दिवशी मात्र तळ्याचा उपवास. हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

ज्येष्ठ महिन्यात जावयाला जेवू घालण्याचा सण, जामाईषष्ठी, दोन दिवसांवर आला होता. नवे जावई सुफल प्रथमच येणार होते. बिरिंचींना त्यांच्या ताटात लठ्ठ रोहू पाहिजे होता. आकाश ढगांनी भरलेले होते.

"काका, आज उपवास ना?" सोबतीच्या गोष्ठने विचारले.

"पाहुणा येतोय रे. सणाला कोणी घास मोजून वाढतं का?"

"दोन दिवसांत मासा नाही फुगत, काका. फुगतो तो सासरा."

तरीही मला हातभर उचलले गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. मी पुष्कळ करकरले, परंतु दाराचे कोण ऐकतो?

सणाच्या सकाळी सारे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. तळे गुदमरत होते. मासे मेले असते तर तळे कुजले असते आणि तीच कुजकी घाण नदीस गेली असती. बिरिंचींनी मला धाडकन खाली सोडले. गोष्ठने माणसे गोळा केली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून सर्वजण वल्ह्यांनी, केळीच्या खुंटांनी पाणी बडवू लागले. इतक्यात नवे धोतर नेसून, हाती संदेश नावाच्या मिठाईचा डबा घेऊन सुफल आले.

"जावईबापू, तुम्ही सावलीत बसा. मी पंखा आणते," सासूबाई पारुल म्हणाल्या.

"आई, मासेच मेले तर ताटात काय, पंखा वाढणार?"

असे बोलून त्यांनी डबा माझ्या माथ्यावर ठेवला आणि धोतरासह तळ्यात उडी घेतली. दुपारी ऊन पडले. मासे हळूहळू खोल गेले. काही कटला मासे दगावले, बाकीचे वाचले.

त्या दिवशी जेवण तिसऱ्या प्रहरी झाले, माझ्याच शेजारी. बिरिंची जावयाच्या ताटात भाताचा तिसरा ढीग घालू लागले, तेव्हा सुफल यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बाबा, पुरे. नाहीतर मीही तोंड वर करून उघडमीट करायला लागेन."

सर्व हसले. बिरिंची सर्वांत शेवटी हसले. मग उठून त्यांनी छिन्नी आणली आणि माझ्या चौकटीवर चार बोटांच्या उंचीची खूण कोरली.

"एक खूण ताटावरही कोरा," पारुल म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या मोरीतून गेलेले पाणी नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी दारी जाऊन उभे राहते. आपले पाणी कोठे जाते, हे एकदा घरी विचारा. त्यात जळके तेल, औषधे, प्लास्टिक सोडू नका. ते कोणत्याही तळ्यास पचत नाही.

आज पूर्व दिशा स्वच्छ आहे. बिरिंची ओंजळ भरून पाहत आहेत. पाणी हिरवे आहे. आता मला चार बोटे उठायचे आहे.