झऱ्याच्या तोंडची पन्हळ

मी पन्हळ बोलतेय. पत्र्याची नव्हे हो, बांबूची! मेघालयातल्या एका उतारावर, पानमळ्याच्या डोक्यावर माझा मुक्काम.

फ्रांगमामांनी मला बेटातून तोडलं, उभं चिरलं, आतल्या गाठी तासल्या आणि माझं तोंड थेट झऱ्याला लावलं. माझ्याखाली माझ्या बहिणी, एकीखाली एक. हिवाळ्यात पाऊस नसला की झऱ्याचं पाणी आम्ही थेंबाथेंबाने पानवेलींच्या मुळाशी पोचवायचो.

मळा त्यांच्या भाचीचा, दाप्लिनचा. घरातली धाकटी लेक, म्हणून इथल्या खासी रीतीप्रमाणे घर आणि मळा तिच्याकडे; शब्द मात्र मामांचा. रोज सकाळी ती वर यायची, माझ्यातला पाला काढायची आणि ओंजळभर पाणी प्यायची. मामा विडा चघळत मागून यायचे. इथे वाट विड्यांनीच मोजतात.

"मामा, एका विड्याची वाट, आणि तुम्ही दोन संपवलेत!"

"एक माझा, पोरी. दुसरा गुडघ्यांचा."

काय सुखाचे दिवस होते ते!

झऱ्यामागे दाट रान होतं. मामांच्या मनात आलं, हे नुसतंच उभं आहे. तोडून झाडूचं गवत लावावं. तुमच्या घरातला तो मऊ फुलझाडू असल्याच गवताचा बरं का.

"मामा, झऱ्याच्या उशाशी कुऱ्हाड नको," दाप्लिन म्हणाली.

"पाणी झाडं देतात होय? पाऊस देतो. आणि आपल्याकडे पावसाला काय तोटा?"

तोटा नव्हताच. रान गेल्यावरही पाऊस तसाच कोसळला, फक्त जमिनीत मुरायला थांबला नाही. माती घेऊन सरळ खाली बांगलादेशात उतरला.

त्या हिवाळ्यात माझी धार बारीक झाली. मामांनी खापर फोडलं माझ्यावर! सांधे तपासले, टेकू उचलले, माझ्या बहिणी बदलल्या. मला फार राग आला होता. खाली वेली पिवळ्या पडत होत्या. शेवटी ते माझ्या तोंडाशी कान लावून बसले, पुष्कळ वेळ.

"पन्हळ धड आहे गं," ते म्हणाले. "झराच आटलाय. मीच घालवला."

दाप्लिन रडत होती. तरी तिने विडा लावला आणि मामांच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दोघांनी गवत उपटून रानातली रोपं लावायला घेतली.

मामा आता देवाच्या अंगणात विडा खायला गेलेत. दाप्लिन एकटीच ओढ्यातून पाणी वाहून रोपांना घालते. मला भुंगा लागलाय. शेजारीण म्हणाली, "जाळ की ती चुलीत." दाप्लिन म्हणाली, "राहू दे. पाणी आलं तर त्याला वाट कोण दाखवणार?"

रान उभं राहीपर्यंत मी टिकायची नाही, हे मला कळतं. तुम्ही मात्र ज्या झऱ्याचं पाणी पिता, त्याच्यामागचं रान राखा.

आज सकाळी दाप्लिन आली. माझ्यातला पाला काढला, सवयीने ओंजळ धरली. मग स्वतःशीच हसली आणि रिकामी ओंजळ तोंडावरून फिरवून रोपांकडे गेली.