वाकडा दात

पालिकेच्या बँडमधल्या माणसांना नावं असतात, पण ती हजेरीपुरतीच. एरवी जो ज्या खुर्चीवर बसतो, ते त्याचं नाव. ट्रम्पेटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचा तो पहिला, त्याच्या शेजारचा तो दुसरा. पहिला दिवसभर पाणीखात्यात मीटर वाचत फिरायचा आणि संध्याकाळी सरावाच्या हॉलमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. काय करता असं कुणी विचारलं तर मीटरचा उल्लेख शेवटी यायचा, कधी कधी यायचाच नाही.

दुसरा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पहिल्यानेच त्याला बँडमध्ये आणलं, फुंकायला शिकवलं आणि शेजारी बसवलं. तेव्हापासून तो तिथेच होता. पहिली खुर्ची कधी रिकामी होते याची वाट तो बघत नव्हता असं म्हणणं म्हणजे त्याला फुकट संत करणं. पण ती वाट त्याने कधी तोंडावर दिसू दिली नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूला मांडायला हवं.

पहिल्याचा पुढचा एक दात वाकडा होता. बाकावर जागा नसताना कुणी शेजाऱ्याच्या मांडीवर अर्धं बूड टेकवावं, तसा तो बाजूच्या दातावर चढून बसलेला. शाळेत त्यावरून इतकी टिंगल झाली, की हसताना तोंडावर हात न्यायची सवय लागली ती कायमची. लग्न ठरत होतं तेव्हा सासूने मुलीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगा मुका नाही ना गं? तोंडच उघडत नाही."

मग त्याच दाताच्या वर, जबड्यात गाठ निघाली. जिवावरची नव्हती, पण आतून हाड पोखरत होती. डॉक्टरीणबाईंनी ती काढली. तिच्याबरोबर दोन दात गेले, थोडं हाड गेलं. जखम भरल्यावर तिथे दोन नवे दात आले, सरळ, पांढरेशुभ्र, वाटणीवरून कधीच न भांडलेल्या भावांसारखे.

जो तो त्याचं अभिनंदन करायला लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही चक्क हिरो दिसता." बायको जेवताना मध्येच त्याच्याकडे बघत बसायची. "अहो, हसा ना जरा." मीटर वाचायला दारात गेला तर ज्या बायका आजवर कुत्रा सोडायच्या त्या पाणी विचारायला लागल्या.

वाजवायची परवानगी मिळाली त्या सकाळी त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि ट्रम्पेट ओठांना लावलं. फुस्स! पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. बायको बाहेरून ओरडली, "अहो, कुकरची शिट्टी निघालीय बघा!"

आत कुकर नव्हता. तो होता.

झालं होतं ते असं. इतकी वर्षं त्याचा ओठ त्या वाकड्या दाताच्या कडेवर टेकायला शिकला होता. त्या दाताने बाजूला ठेवलेल्या बारीक फटीतून हवा नेमकी माऊथपीसमध्ये जायची. आता मागे सपाट भिंत होती आणि ओठ तिच्यावरून घसरत होता. ज्याला जन्मभर लपवलं, त्याच्याच जिवावर तो वाजवत आला होता.

बँडमास्तर कोरडा माणूस, पण अन्याय करणारा नव्हे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एक संथ रचना होती. तिची सुरुवात एकट्या ट्रम्पेटची, बाकी सगळे गप्प. "ती जागा तुझी," मास्तर म्हणाले. "पण कार्यक्रमाआधीच्या तालमीत मला वाजवून दाखवायची. नाहीतर खुर्ची बदलेन. आणि एकदा बदललेली खुर्ची मी परत बदलत नाही, हे तुला सांगायला नको."

तो सराव करत राहिला. खालचे सूर कसेबसे यायचे, वरचे वाटेतच गळायचे. शेवटी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"बाई, मला दात वाकडा करून द्या."

बाईंना आधी थट्टाच वाटली. "अहो, लोक माझ्याकडे सरळ करून घ्यायला येतात."

"मी उलट्या रांगेतला."

त्याचं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. "करून देईन. पण कसा होता तो? साचा काही आपण घेतला नव्हता. एखादा हसतानाचा फोटो आणा."

घरातले सगळे फोटो जमिनीवर पसरले. लग्नात मिटलेले ओठ. सहलीत तोंडावर हात. बँडच्या प्रत्येक फोटोत तोंडाला ट्रम्पेट. मुलीने ढीग दोनदा उपसला.

"बाबा, तुम्ही कधी हसलाच नाहीत का हो?"

"हसलो की. हाताआड."

बाईंनी मग थोडं मेण दिलं. आठवणीतून कुणाला जमतंय का बघा, म्हणाल्या. रविवारी सगळी मंडळी टेबलाभोवती बसली. मुलीने केलेला दात लांडग्याला शोभला असता. सासूबाई म्हणाल्या, दात उजवीकडे होता. मग स्वतः आरशासमोर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, डावीकडे. मेहुणा मेणाचा गोळा नुसता मळत बसला. "भाऊजी, मी कायम तुमच्या शेजारी बसलो. मला तुमचा एक गाल काय तो पाठ आहे."

बायकोने त्याच्या हातातलं मेण काढून घेतलं. डोळे मिटले, आणि बोटांच्या टोकांनी नुसतं चाचपत, सावकाश, एक दात घडवला. कडेचा तिरपेपणा, टोकाशी उडालेला कपचा, सगळं त्यात होतं. तिला हे इतकं बारीक कसं ठाऊक, असं कुणी विचारलं नाही. सासूबाईंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं. पहिल्याने तो दात तळहातावर घेतला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हाच," तो म्हणाला.

"मला सरळच आवडला होता हं," बायको मेणाची बोटं पुसत म्हणाली. "पण घ्या."

बाईंनी तसाच दात करून बसवला. ओठाने त्याला ओळखलं. पहिल्याच दिवशी सूर भरीव यायला लागले, आणि घरात सगळे जरा मोठ्याने बोलायला लागले. पण वरच्या ओठात, मसुराएवढ्या जागेत, ऑपरेशनपासून काहीच कळत नव्हतं. तिथे टोचलं तरी कळायचं नाही. सूर लांबवला की ती जागा थरथरते आहे की थांबली, याची ओठाला खबरच नसायची. बाई म्हणाल्या, "नस आहे. परत येईल. किंवा नाहीही येणार." दात घडवून घेता आला. हे घडवायला मेण नव्हतं.

तालमीच्या संध्याकाळी मास्तरांनी छडी उचलली आणि ऐकायचं असलं की मिटतात तसे डोळे मिटले. पहिल्याने सुरुवात केली. पहिले सूर स्वच्छ आले. क्लॅरिनेटवाले ताठ बसले, ढोलवाल्याने जांभई अर्ध्यावर आवरली. मग तो चढता लांब सूर आला, वर जाऊन थांबायचा, हॉलच्या छतापर्यंत भरून राहायचा.

तो राहिला. पहिल्याला आधी आनंदच झाला. मग लक्षात आलं, आपल्या माऊथपीसमधून नुसती हवा जातेय. त्याने फुंकणं थांबवलं. सूर चालूच होता. त्याने ट्रम्पेट खाली घेतलं. तरी चालूच.

शेजारी दुसरा मान खाली घालून, ट्रम्पेटचं तोंड जमिनीकडे वळवून वाजवत होता. अगदी त्याच्याच ढंगाने, किंचित खालून उचलत, त्यानेच शिकवलं होतं तसं. आणि पहिल्याचा कान काही बधिर झाला नव्हता. हा सूर त्याच्या चांगल्या दिवसांतल्या सुरापेक्षाही चांगला होता, हे त्याला कळलं.

"आला!" मास्तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "आला की रे माझा पहिला!"

सगळ्यांनी समोरच्या स्टँडवर टकटक केली. ज्यांनी बघितलं होतं त्यांनीसुद्धा, बहुधा जरा जास्तच.

"गप्प बसा, भाऊजी," दुसरा ओठ न हलवता पुटपुटला. "कार्यक्रमातही असंच करू. कुणाला कळत नाही."

"आणि पुढे?"

"पुढेही मी आहेच ना शेजारी."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते मेहुणा एका श्वासात सोडून देत होता, आणि बदल्यात काही मागत नव्हता. मागितलं असतं तर बरं झालं असतं. घासाघीस करता आली असती.

पहिला उभा राहिला. "मास्तर, मी थांबलो होतो. वाजवत हा होता."

मास्तरांनी डोळे उघडले.

"भाऊजी!" दुसरा भडकलाच. "काय मिळवलंत हे सांगून? ताई मला घरात घेणार नाही आता!"

"ऊठ. इकडे ये."

"मी नाही बसणार तिथे."

"मग काय मांडीवर बसू तुझ्या?"

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. दोघांनी खुर्च्या बदलल्या. समोरचे कागद होते तिथेच राहिले. मास्तर स्टँडवर छडी वाजवून म्हणाले, "सुरुवातीपासून."

पहिल्यासमोर आता दुसऱ्याचा कागद होता, त्यावर सुरुवातीला नुसती थांबण्याची चिन्हं. तो थांबला. शेजारून तो सूर चढत गेला, वर जाऊन राहिला, आणि या खेपेला त्या ट्रम्पेटला तोंड लपवायची गरज नव्हती. मग सगळ्या बँडने एकदम सूर उचलायची जागा आली. त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि फुंकलं. इतक्या आवाजात आपला सूर वाजतोय की नुसती हवाच जातेय, हे त्याला कळेना. कुणाला विचारावं, तर शेजारी मेहुण्याच्या तोंडाला ट्रम्पेट होतं.